पाचवा वाटा

स्पायसर खोऱ्यातल्या माणसांना आभार मानता येत नाहीत. मनात नसतात असं नाही. मनात भरपूर असतात, पण तोंडातून निघत नाहीत. त्यासाठी वर्षातला एक अख्खा सण राखून ठेवलाय, नोव्हेंबरातला, टर्की भाजायचा. त्या दिवशी जेवायच्या आधी देवाचे आभार मानतात, तेही थोडक्यात उरकतात, कारण जेवण निवत असतं. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला तोंडावर ‘उपकार झाले’ म्हटलं, तर ऐकणारा टोपी डोक्यावर ओढतो, घराकडे वळतो आणि आठवडाभर फिरकत नाही. कोणी काही दिलं तर भांडं घासूनपुसून परत करायचं, एवढीच रीत. भांडं लखलखीत असलं की समोरच्याने काय ते समजून घ्यायचं.

आर्वेला जेन्ट्रीची याच रीतीपायी पंचाईत झाली होती. तिचा नवरा क्लेल चौदा महिने अंथरुणावर होता. त्या चौदा महिन्यांत तिने एकदाही लाकूड फोडलं नाही. सकाळी दार उघडावं तर ओसरीत फोडलेल्या लाकडांची चळत तयार असायची. रूबल एस्टेप दोन्ही वेळा येऊन तिच्या गाईंचं करून जायचा. कोणाच्या घरून घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी, कोणाकडून सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. दर मंगळवारी कोणी ना कोणी आपली गाडी काढून दोघांना शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन जायचं. मार्चमध्ये क्लेल गेला, तेव्हा त्याचा खड्डासुद्धा याच लोकांनी खणला, पावसात, चिखलात, कोणी सांगायची वाट न बघता.

आर्वेलाने सगळ्यांची भांडी घासून परत केली होती. इतकी घासली होती की रूबलच्या बायकोच्या पातेल्याची कल्हई निघाली. पण तिचं मन भरत नव्हतं. चौदा महिन्यांची परतफेड पातेलं घासून होते का, असं ती स्वतःशीच म्हणायची. तिला काहीतरी द्यायचं होतं, आणि असं द्यायचं होतं की घेणाऱ्याला ते आभार आहेत हे कळावं, पण तसं म्हणावं लागू नये. उन्हाळाभर तिला सुचलं नाही. ऑक्टोबरात अंगणातली पानं लाल झाली, आणि एका सकाळी फडताळातले रिकामे चपटे डबे बघून तिला सुचलं. क्लेलचं वंगण.

आता हे वंगण म्हणजे काय ते सांगायला हवं. सणाच्या आधीच्या शनिवारी खोऱ्यात दरवर्षी नेमबाजी होते. बंदुका आजोबा-पणजोबांच्या, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या. गोळ्या ज्याने त्याने घरी शिसं वितळवून साच्यात ओतायच्या. शिशाची गोळी कोरडी उडवली तर जाता जाता नळीला चाटून जाते, आत शिशाचा लेप बसतो, आणि पाचसहा बारांनंतर गोळी कुठे जाईल ते गोळीलाच ठाऊक. म्हणून गोळीच्या कमरेला खाचा असतात, त्या खाचांत वंगण भरायचं. दुकानात मिळतं तसं. पण चुलीवर होणारी वस्तू दुकानातून आणणं ही त्या खोऱ्यात आळशाची खूण मानतात.

वंगण सगळेच करायचे, पण क्लेलच्या हाताची सर कोणाला नव्हती. दर शरदात तो चपटे डबे भरायचा आणि घरोघर एकेक देऊन यायचा. त्यात काय घालतो ते त्याने कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. विचारणं म्हणजे पुढच्या वर्षी डबा नको असं सांगण्यासारखं झालं असतं.

चरबी तो नेमबाजीतूनच आणायचा. तिथे बक्षीस म्हणून एक गोऱ्हा कापतात आणि त्याचे पाच वाटे करतात. दोन मागचे फरे, म्हणजे मांडीसकट अख्खे पाय, दोन पुढचे, आणि पाचवा वाटा म्हणजे चामडं आणि चरबी. ज्याची गोळी फळीवरच्या फुलीच्या सगळ्यात जवळ, तो आधी निवडतो. मग दुसरा, मग तिसरा. पाचव्याला जे उरतं ते. क्लेल वीसेक वर्षं पाचवा यायचा. हाच माणूस कुंपणावर ठेवलेलं तपकिरीच्या डबीचं झाकण साठ पावलांवरून उडवायचा, त्यामुळे लोक म्हणायचे, क्लेलला पाचवा यायला पहिल्यापेक्षा जास्त नेम लागतो. तो नुसता हसायचा आणि चरबीचं गाठोडं खांद्यावर टाकून घरी यायचा.

तर आर्वेलाने वंगण करायला घेतलं. मेण तिचंच होतं. मधमाश्या पहिल्यापासून तीच पाळायची, क्लेल पोळ्यांच्या जवळही जायचा नाही. अडलं चरबीवर. गेल्या वर्षी क्लेल अंथरुणावर, त्यामुळे पाचवा वाटा डोंगरापलीकडच्या कोणाला तरी गेला आणि त्याने तो कुत्र्यांपुढे टाकला. घरात जुन्या चरबीचा एक लहानसा गोळा राहिला होता. तेवढ्यात अकरा डबे होणार नव्हते.

तेव्हा तिने जे केलं ते त्या खोऱ्यातल्या कुठल्याही बाईने केलं असतं. चुलीशेजारी बेकनच्या चरबीचा डबा होता. खारवलेलं, धुरावलेलं डुकराचं मांस तळलं की सुटलेली चरबी त्या डब्यात जाते, आणि मग तीच उसळीला, तीच भाकरीच्या तव्याला, तीच चामड्याच्या बुटांना. चुलीशेजारी हा डबा नसलेलं घर उधळ्याचं. आर्वेलाने ती चरबी दोनदा फडक्यातून गाळली, जुन्या चरबीत मिसळली, गरम पाण्यात दुसरं पातेलं ठेवून त्यात मेण विरघळवलं, आणि अकरा डबे भरले. दहा डबे ती घरोघर देऊन आली.

अकरावा टॉलिव्हर हेन्सलीचा होता. टॉल तिच्या शेताला लागूनच राहायचा, आणि बावीस वर्षं तो क्लेलशी एक शब्द बोलला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी नेमबाजीत मोजायला क्लेल होता. टॉलची गोळी आणि दुसऱ्या एकाची गोळी फुलीपासून सारख्याच अंतरावर वाटत होत्या. क्लेलने आर्वेलाच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणून मोजलं आणि टॉल एका दोऱ्याच्या जाडीने मागे आहे असं सांगितलं. टॉलने आपल्या वाट्याला आलेला पुढचा फरा उचलला, घरी गेला, आणि त्यानंतर बोलणं बंद. पण दर शरदात क्लेल दोघांच्या कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबावर एक डबा ठेवायचा. संध्याकाळपर्यंत डबा गेलेला असायचा, आणि वसंतात रिकामा, घासलेला डबा त्याच खांबावर परत. भांडण दोघांचं होतं, वंगणाला त्यात कोणी ओढलं नाही. क्लेलच्या आजारात मात्र टॉल आला नव्हता. खड्ड्याशीही दिसला नव्हता. आर्वेलाने ते लक्षात ठेवलं होतं. तरी डबा तिने खांबावर ठेवला, कारण क्लेलने ठेवला असता.

वाटून आल्यावर तिच्या मनात एकच धाकधूक राहिली. वंगण चांगलं झालंय की नाही, हे तिला सांगणार कोण? ती स्वतः बंदूक चालवत नव्हती. आणि खोऱ्यातली माणसं तिला ओळखून होती. वाईट झालं असलं तरी ती हसून घेतील, हसून वापरतील, आणि गोठ्यामागे जाऊन गुपचूप नळ्या पुसतील. आभार म्हणून दिलेली वस्तू पुन्हा लोकांनीच सोसायची असेल, तर ते आभार कसले, तो आणखी एक बोजा. तिला खरं ऐकायचं होतं.

रविवारी चर्चबाहेर सगळ्यांनी वंगणाचं कौतुक केलं. रूबल म्हणाला, “काकी, अगदी क्लेलकाकांच्या हातचं.” त्याची बायको म्हणाली, घरभर वास सुटतो हो, भूक लागते. त्यावर रूबलने बायकोकडे असं काही बघितलं की ती एकदम हवेबद्दल बोलायला लागली. आर्वेलाला तेव्हा कळलं नाही. बुधवारी रूबल बंदूक खांद्याला लावून तिच्या फाटकावरून गेला, आणि त्याच्यामागून त्याचा डीकन नावाचा शिकारी कुत्रा उड्या मारत नळीचं टोक चाटायला बघत होता. आर्वेला खिडकीतून हसली. खुळं कुत्रं, म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिच्या ओसरीच्या कठड्यावर टॉलचा डबा होता. तिने उचलला तर जड लागला. उघडला तर वंगण जसंच्या तसं, फक्त एका कोपऱ्यात बोटभर काढलेलं. डबा भरलेला परत आला होता. त्या खोऱ्यात असं कोणी करत नाही. तोंडावर थुंकणं त्याहून सौम्य.

आर्वेला तशीच निघाली, स्वयंपाकाचा एप्रन न काढता. टॉल आपल्या ओसरीत बसला होता. गुडघ्यांवर बंदूक आडवी, शेजारी उकळत्या पाण्याची किटली. नळीत पाणी ओतून तो गजाला चिंधी लावून आत-बाहेर करत होता.

तिने डबा त्याच्यासमोर धरला. “हे काय आहे?”

“तुझा डबा.”

“भरलेला आहे.”

“दिसतंय मला.”

“बावीस वर्षं क्लेलचं घेतलंस. माझं घ्यायला हात झडतो?”

टॉलने गज बाहेर काढला आणि चिंधी तिच्यापुढे धरली. चिंधी चहात बुडवल्यासारखी तांबूस झाली होती. “बेकनची चरबी घातलीस तू,” तो म्हणाला. “मीठ असतं तिच्यात. दोन रात्रींत गंज धरला. माझ्या आजोबांची नळी आहे ही.”

आर्वेला चिंधीकडे बघत राहिली. “पण बाकी कोणी काही बोललं नाही.”

“ते कशाला बोलतील? तू क्लेलची बायको. अख्ख्या खोऱ्यातल्या बंदुका सडल्या तरी म्हणतील, काकी, झकास झालंय. मी तुझा कोणी लागत नाही, म्हणून मला बोलता येतं.”

ती पायरीवर बसली. आधी लाज वाटली, कानापर्यंत. अकरा घरं, अकरा नळ्या, आणि ती आपली खिडकीत बसून कुत्र्याला हसत होती. मग ती लाज ओसरली आणि खाली काहीतरी वेगळंच निघालं. चौदा महिने आणि त्यावर आठ महिने लोकांनी तिला काचेच्या बरणीसारखं दोन्ही हातांनी जपलं होतं. तिच्यासमोर कोणी आवाज चढवला नव्हता, कोणी तिची चूक काढली नव्हती. भांडायला कोणी राहिलं नाही की माणूस जिवंत आहे की नाही हेच कळेनासं होतं. हा पहिला माणूस तिच्याशी धड बोलला होता. तिला टॉलबद्दल इतकं बरं वाटलं की त्याची किटली हातातून घेऊन पुढची चिंधी तिनेच भिजवून दिली. पण म्हणाली काही नाही.

नेमबाजीला नऊ दिवस होते. आधी सगळे डबे परत आणायला हवे होते, आणि ते काही सोपं गेलं नाही. ज्याच्या त्याच्या घरी तेच. अगं, काय बिघडलंय त्याला. आम्हाला आवडतं तसंच झालंय. एका घरात तर म्हातारीने डबा पाठीमागे लपवला, देईना. शेवटी रूबलच्या अंगणात आर्वेलाचा संयम सुटला.

“रूबल, खरं सांग. नळी गंजली की नाही?”

“छे, काकी. आमची नळी मुळातच जरा तांबूस आहे.”

“तुझा डीकन चाटतो ती नळी.”

“त्याला काय, तो माझे बूटही चाटतो.”

“बुटांनाही मी बेकनची चरबीच लावायला दिली होती, क्लेल होता तेव्हा.”

रूबलने कुत्र्याकडे बघितलं, कुत्र्याने रूबलकडे. मग तो आत गेला आणि मुकाट्याने डबा घेऊन आला. ती निघाली तेव्हा म्हणाला की काकी, गेल्या आठवड्यात कोल्ह्याच्या मागावर गेलो होतो, तर सगळे कुत्रे कोल्हा सोडून माझ्याच मागे. आर्वेला हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काय ही माणसं, तिला वाटलं, नळ्या गंजवून घेतील पण आपलं मन मोडणार नाहीत. एक तऱ्हेने हेही खरंच होतं, टॉलच्या खऱ्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी टॉल तिच्या दारात उभा राहिला, हातात पोतं. पहिल्या थंडीत त्याने घरासाठी एक वासरू कापलं होतं, त्याच्या गुर्द्यांभोवतीची पांढरी चरबी पोत्यात होती. बावीस वर्षांत तो त्या घरात आला नव्हता. उंबऱ्यावर क्षणभर थांबला, बूट पुसले, पुन्हा पुसले. आर्वेलाने खुर्ची ओढली तेव्हा कुठे आत आला.

चरबी बारीक चिरून पाण्यात उकळायची, गार झाली की वर आलेला थर काढायचा, आणि परत स्वच्छ पाण्यात उकळायचा. मिठाचा कण नको. दोघांनी मिळून ते केलं. मग मेण किती, चरबी किती, तिथे गाडी अडली. आर्वेलाला क्लेल काय काय घालायचा ते डोळ्यांसमोर दिसत होतं. मेणाचा तुकडा बिस्किटाएवढा, चरबी दोन अंड्यांएवढी. पण झाल्यावर ते हाताला कसं लागायला हवं ते तिला माहीत नव्हतं, कारण तिने कधी हात लावला नव्हता. टॉलला ते बोटांना पाठ होतं, पण पातेल्यात काय गेलं ते त्याने कधी बघितलं नव्हतं. अर्धं एकाकडे, अर्धं दुसऱ्याकडे.

पहिला घाणा त्यांनी खिडकीबाहेर थंडीत ठेवला. टॉलने चिमूट घेऊन चुरगाळली, तर तिचा भुगा झाला. अशानं गोळी नळीत जायच्या आधीच खाचांतून गळून पडेल, तो म्हणाला. दुसऱ्या घाण्यात चरबी वाढवली, तर बोटाला चिकटून लोंबायला लागलं. तिसराही फसला. संध्याकाळ व्हायला आली होती. टॉल म्हणाला, क्लेलचं होतं तसं होत नाहीये, काहीतरी राहतंय, आणि ते काय ते माझ्या बोटांना कळतं पण तोंडाला सांगता येत नाही.

तेव्हा आर्वेला उठली आणि वरच्या फळीवरून एक डबा काढून आणला. क्लेलच्या हातचा शेवटचा डबा. अर्ध्याहून कमी उरलेला. डबे भरून गोठले की क्लेल प्रत्येक डब्याला अंगठा दाबून बघायचा, ठसा उमटला पाहिजे पण अंगठ्याला काही लागता कामा नये. या डब्यातही एका बाजूला त्याचा ठसा होता, रेषारेषांसकट. तिने तो कोणाला दाखवला नव्हता. आठ महिने ती कधीतरी उघडून बघायची आणि झाकण लावून ठेवून द्यायची.

तिने तो टॉलपुढे सरकवला. “यावरून बघ,” म्हणाली. “लागेल तेवढं घे.”

टॉलने झाकण उघडलं आणि थबकला. बराच वेळ तो त्या ठशाकडे बघत बसला. मग खिशातून लहान चाकू काढला, आणि ठशाच्या अगदी उलट कडेचं, मुगाच्या दाण्याएवढं वंगण उचललं. ठशाला धक्काही लागू दिला नाही. ते बोटांत फिरवलं, नाकाला लावलं, परत फिरवलं.

“तेल आहे यात,” तो म्हणाला. “दाट तेल. औषधी वास येतो.”

आर्वेलाने कपाळाला हात लावला. एरंडेलाची तपकिरी बाटली. क्लेल ती औषधांच्या कपाटात न ठेवता गोठ्यात का ठेवतो म्हणून ती त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडली होती. तिला वाटायचं, गाईंसाठी असेल. ती गोठ्यात जाऊन बाटली घेऊन आली. अजून बोटभर तेल होतं.

चौथा घाणा खिडकीबाहेर ठेवून ते दोघं कॉफी पीत बसले. टॉलने कप हातात फिरवला. “मी आलो नाही,” तो म्हणाला. “क्लेल आजारी होता तेव्हा. यायला हवं होतं. रोज कुंपणापर्यंत यायचो.”

“दिसायचास,” आर्वेला म्हणाली. “त्यालाही दिसायचास. खाट खिडकीशी होती.”

“काही म्हणायचा?”

तिने खरं ते सांगितलं, कारण त्यानेही तिला खरंच सांगितलं होतं. “म्हणायचा, दुसऱ्याची गोळी मोजताना दोरा ताणून धरला होता मी त्या दिवशी. जरा सैल धरला असता तर टॉलच पुढे होता. तुला सांगायचं त्याच्या मनात होतं. राहून गेलं.”

टॉलने कप खाली ठेवला. उठून खिडकी उघडली आणि डबा आत घेतला. वंगणाला त्याने अंगठा लावला, आणि मग डबा आर्वेलाकडे सरकवला, तू बघ म्हणून. तिने अंगठा दाबला. ठसा उमटला, अंगठा कोरडा.

सकाळी टॉलच्या गोठ्यामागे परीक्षा झाली. एका पसरट थाळीत गोळ्या उभ्या करून भोवती पातळ वंगण ओतलेलं, गोठल्यावर एकेक गोळी रिकाम्या काडतुसाच्या नळकांड्याने कापून काढलेली, जसे बिस्किटांचे गोल पाडतात. वीस बार काढून टॉलने नळीतून पांढरी चिंधी फिरवली. चिंधीवर धुराची काजळी होती. शिशाची एक चकाकीही नव्हती, गंजाचा रंगही नव्हता. त्याने चिंधी आर्वेलाच्या हातात दिली, आणि ती तिने घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली. त्या आठवड्यात अकरा डबे परत अकरा घरी गेले, प्रत्येकात आर्वेलाच्या अंगठ्याचा ठसा. या वेळी कौतुक कोणी केलं नाही. रूबलने चिमूट घेऊन बोटांत फिरवली आणि घरात जाऊन लगेच साचा तापत ठेवला. आर्वेलाला तेवढं पुरलं.

शनिवारी कडक ऊन आणि कडक थंडी होती. गोऱ्हा टांगलेला, बायकांची कॉफीची भांडी शेगडीवर. डीकन कोणाच्याही बंदुकीकडे बघत नव्हता, गोऱ्ह्याखाली बसून होता. एकामागून एक बार झाले. मोजायला पाद्री होते. शेवटून दुसऱ्या फेरीत टॉलने बंदूक लावली, श्वास सोडला, आणि गोळी फुलीच्या बरोबर मधोमध गेली. दोरा आणायची गरज पडली नाही. बावीस वर्षांत तो पहिल्यांदा पहिला आला होता. रूबल दुसरा.

सगळ्यांनी टॉलकडे बघितलं. पहिला माणूस नेहमी मागचा मोठा फरा घेतो, हिवाळा निघतो त्यावर. पाद्र्यांनी विचारलं, टॉल, कोणता?

“पाचवा,” टॉल म्हणाला.

पाद्र्यांना वाटलं त्याला नीट ऐकू गेलं नाही. “टॉलिव्हर, तू पहिला आलायस.”

“मोजता येतं मला. पाचवा वाटा.”

कॉफीचं भांडं उकळत राहिलं, ते उतरवायचं कोणाला सुचलं नाही. टॉलने चामड्यात चरबीचं गाठोडं बांधलं, ओलं, जड, ते खांद्यावर टाकलं आणि गर्दीतून सरळ आर्वेलाच्या गाडीकडे चालत गेला. मागच्या बाजूला ते ठेवलं, ताडपत्री ओढली, कोपरे दाबले. आर्वेला तिथेच उभी होती. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर चरबीचा डाग पडला होता. तिच्या मनात क्लेल आला, खांद्यावर तसाच डाग घेऊन दारातून आत येणारा, दर वर्षीचा. आणि मग तिच्याने राहवलं नाही.

“टॉल,” ती सगळ्यांदेखत म्हणाली, “फार उपकार झाले रे.”

गर्दीतल्या पुरुषांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. रूबल घाईघाईने कुत्र्याला हाका मारायला लागला. सगळे वाट बघत होते की आता टॉल टोपी ओढणार आणि घराकडे वळणार. टॉलचा हात टोपीकडे गेलासुद्धा. पण त्याने ती ओढली नाही, काढली. काढून छातीशी धरली आणि तिथेच उभा राहिला, कान लाल होईपर्यंत.

“बरं,” तो म्हणाला. “आता मीठ घालू नकोस म्हणजे झालं.”